बिनचाकाच्या डब्याचा ब्रेक

डब्यातला हातब्रेक काढायचं ठरलं तेव्हा घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. डब्याला चाकंच नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी पुंजाजी शकुंतला या अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेगाडीच्या गार्डाच्या नोकरीतून निवृत्त झाले, त्याच साली हा गार्डचा डबा मूर्तिजापूरच्या यार्डातून भंगारात निघाला. त्यांनी तो घेतला, ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून त्यावर लादला आणि बोरखेडच्या आपल्या वावरात, बंद पडलेल्या हॉल्टच्या अगदी शेजारी, लाकडी स्लीपरांच्या थप्पीवर बसवला. चाकं यार्डातच राहिली. ज्याला चाक नाही त्याला ब्रेक कशाला, इतका सरळ विचार होता. पलंग बसवायचा तर तो उभा लोखंडी दांडा आणि त्यावरचं आडवं हातचाक नेमकं मध्ये येत होतं. सुनेनं, म्हणजे सीमानं, शफीकचाचाला सांगितलं. चाचानं पाना लावला आणि शनिवारच्या संध्याकाळी चाक गोठ्यातल्या पोत्यावर जाऊन पडलं.

चूक एवढीच झाली, की पुंजाजी रोज सकाळी त्या डब्यात जाऊन तो ब्रेक आवळून येतात हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणाच्याच ध्यानात नव्हतं. एकोणऐंशी वर्षांचा माणूस एकोणीस वर्षं एका जागच्या डब्याचा ब्रेक आवळतो, यात इतरांना हसायला आलं असतं. या घराला त्याची सवय झाली होती.

रविवारी सकाळी आठला ते गेले. रिकामी जागा पाहिली.  आतून दार लावलं, कडी घातली आणि बाकावर बसून राहिले. नऊ वाजता सगळं घर बाहेर उभं होतं, आणि डब्यात भाड्यानं राहायला येणारे पहिले पाहुणे चार वाजताच्या गाडीनं मूर्तिजापूरला उतरणार होते.

"मामाजी," सीमानं तिसऱ्यांदा दार वाजवलं, "कडी काढा जी."

"नाही काढत."

"ब्रेकाचं चुकलं आमचं. चाचाले बलावलं हाये. ते आता बसवून देतीन."

"ब्रेक बसव नाही तं नको बसवू. गार्डच्या डब्यात पॅसेंजर बसत नाही. नियम हाये."

"पावने नाशिकहून निंगाले, मामाजी. चार जन हायेत. पहिले पावने हायेत आपले."

"येऊ दे ना. घरात बसव, च्या पाज. डब्यात नाही."

सीमानं कपाळ दारावर टेकवलं. पत्रा उन्हानं तापायला लागला होता. या डब्यासाठी तिनं तीन वर्षं घातली होती. त्याच्यात भरलेलं गुरांचं कुटार काढण्यापासून सुरुवात होती. गंज घासला, खिडक्यांच्या झडपा बसवल्या, मागं न्हाणीघर बांधून घेतलं, मूळचा तो करडा रंग कुठं मिळेल म्हणून अकोल्याची निम्मी दुकानं पालथी घातली. नवऱ्यानं, गोपालनं, तिला सरळ सांगितलं होतं: एकदा करून पाह्य. पहिले पावने राह्यले आन् खुशीनं गेले तं डबा तुहा. नाही जमलं तं सोमवारी भंगारवाला येईन गॅसकटर घेऊन, मंग रडाचं नाही. त्या जागेवर त्याला सोयाबीनसाठी शेड टाकायची होती. भंगारवाल्याशी त्याचं बोलणंही झालं होतं. आज रविवार होता.

तिला रडू आलं नाही. राग आला. आपण या माणसाला नऊवारी पातळाच्या पदराआडून घाबरलो, मग साडीत घाबरलो, आता सलवार-कमीज घालून चव्वेचाळिसाव्या वर्षी दाराबाहेर उभं राहून घाबरतोय, याचा राग.

"मामाजी, हा डबा मी जित्ता केला," ती मोठ्यानं म्हणाली. "नाही तं त्यात उंदरं होते."

 आतून या वेळी नाही म्हटलं गेलं नाही, एवढंही तिला तेव्हा पुरलं.

शफीकचाचा सायकलवरून आले ते घामाघूम. एके काळी शकुंतलेच्या वाफेच्या इंजिनावर फायरमन, नंतर ड्रायव्हर. पुंजाजी गाडीच्या शेवटच्या टोकाला आणि हे पहिल्या टोकाला, अशी दोघांची तीस वर्षांची दोस्ती. मध्ये सबंध गाडी असल्यामुळेच ती टिकली, असं दोघंही सांगत. चाचानं सायकल निंबाला टेकवली आणि चाक पडलं होतं त्या गोठ्याकडे न बघताच कान पकडले.

"गलती माही हाये, बेटा. गार्डसाहेबाले इचारल्याबिगर मी उभ्या जिंदगीत डब्याले पाना लावला नाही. काल लावला. काहून लावला? तं तुह्या हातचा च्या पेलो आन् भुललो."

"आता काय कराचं, चाचा?"

"आता काई नाही कराचं. गार्डानं लाल झेंडी दाखवली तं गाडी उभी राह्यते. मंग आपन बिडी पेत बसाचं," चाचा म्हणाले आणि खरोखरच निंबाखाली बसले.

०

साडेदहाला ललितची गाडी आली. ललित धाकटा. अमरावतीत राजापेठेत त्याचे गणिताचे क्लास. डब्याचे फोटो इंटरनेटवर टाकण्यापासून पाहुण्यांशी फोनवर बोलण्यापर्यंतचं सगळं त्यानंच केलं होतं, आणि आजवर तो वहिनीच्या बाजूचा होता. तो उतरला, बंद दार पाहिलं, दाराला कान लावला, दोनदा "बाबा, बाबा" केलं आणि परत आला तेव्हा त्याची बाजू बदललेली होती.

"दादा, ऐक," त्यानं गोपालला बाजूला घेतलं. "त्यांना आपण अमरावतीला हॉटेलात ठेवू. माझ्या ओळखीचं आहे. सांगू, वडिलांची तब्येत बिघडली. इथं आणून तमाशा कशाला? लोक फोटो काढतील, लिहितील. माझं नाव आहे त्याच्यावर."

"आन् डबा?"

"तू म्हणत होतास तेच बरोबर होतं. काढून टाकू. आपल्याच्यानं नाही होत हे. उद्या येऊन राह्यला ना तो भंगारवाला? येऊ दे त्याला."

गोपालला खरं तर बरं वाटायला हवं होतं. तीन वर्षं घरात तो एकटा या डब्याच्या विरोधात होता. बायको एकीकडे, भाऊ एकीकडे, आणि अकोल्याहून बहीण फोनवर उपदेश करायला. आता भाऊ आपण होऊन त्याच्याकडे आला होता. गोपालनं समोर पाहिलं. सीमा चुलीपाशी गोवऱ्या रचत होती. रोडग्यांसाठी. पाहुण्यांना गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी द्यायची, हे तिनं महिन्यापूर्वी ठरवलं होतं आणि सासरा दार लावून बसला तरी तिचा हात थांबला नव्हता. एक गोवरी तिरपी बसली तर तिनं ती काढून पुन्हा सरळ लावली.

त्याला त्या डब्याचा राग का होता, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लहानपणी तो हॉल्टवर उभा राही. शकुंतला यायची, फाटकाच्या अलीकडे थांबायची, गाडीवरचाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, तोच माणूस फाटक उघडून धावत येऊन चढायचा. तिकडे फाटक लागेपर्यंत बाबा हॉल्टवर तिकिटं फाडून मोकळे व्हायचे. मग पांढऱ्या कपड्यातले बाबा शेवटच्या डब्यात चढायचे आणि गोपाल म्हणायचा, बाबा, मले घ्या ना, फाटकालोक; म्हणजे फक्त फाटकापर्यंत. बाबा म्हणायचे, नाही. हिरवी झेंडी हलायची. गावातली पोरं विचारायची, तुहा बाप गार्ड आन् तू खाली? अशी किती वर्षं गेली.

"पावने येतीन," गोपाल म्हणाला. "अथीच येतीन."

"अरे पण आत्ता तर तू—"

"आता मी म्हनून राह्यलो का येतीन. तू चार वाजता टेसनवर जाजो. काई सांगाचं नाही त्याहीले. तब्येत-फब्येत काई नाही."

"आणि बाबांनी दार नाही उघडलं तर?"

"तं डब्याच्या बाहेर खाटा टाकीन. पन त्या बाईनं गोवऱ्या रचल्या, ते मी उचलाले नाही लावत." मग जरा थांबून तो म्हणाला, "पिंकीले फोन लाव. ते आल्याबिगर म्हातारा आयकत नाही."

"मी आल्यावरही ऐकत नाही?" ललित दुखावून म्हणाला.

"तुहं कोन आयकते बे या घरात," गोपाल म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी हसलं. निंबाखाली चाचा हसले.

०

पिंकी पोचायला साडेबारा झाले. अकोल्याला जुन्या शहरात सासर, एका दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून घरी आली होती, ती तशीच एसटीत बसली. तिचं खरं नाव कागदोपत्री दुसरंच, पण गावात तिला अजून 'रेल्वे' म्हणायचे, कारण ती शकुंतलेतच जन्मली. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, लाखपुरीकडून मूर्तिजापूरला येताना. त्या गोष्टीचा अर्धा भाग तिला पाठ होता.

आल्या आल्या ती सीमावरच घसरली.

"वहिनी, बाबाच्या डब्याले हात लावाच्या आंधी मले एक फोन नाही करता आला?"

"कायले करू? तुमी फोनवर तं म्हनत होत्या का छान हाये, छान हाये."

"रंग छान हाये म्हटलं मी. ब्रेक काढाले नाही सांगतलं."

"ताई," सीमानं पिठाचे हात कमरेवर ठेवले, "तुमी अकोल्याले राह्यता. मामाजी रोज सकाळी तथी काय करते हे तुमाले माहीत हाये, मलेबी माहीत हाये. काहून करते, हे तुमाले माहीत हाये काय? मले नाही. एकोनीस वर्सांत कोनी इचारलंच नाही. आता मी चुकली, तं निदान त्या निमतानं इचारा तरी."

 पिंकीनं ताकाचा गडू घेतला आणि डब्याच्या मागच्या बाजूला गेली. तिकडे खिडकीची झडप होती, तीही सीमानंच नवी बसवलेली. झडप वीतभर वर गेली. आत पुंजाजी बाकावर ताठ बसले होते. पायांशी जिथं ब्रेकाचा दांडा होता तिथं फळीत गोल भोक उरलं होतं.

"ताक घ्या."

त्यांनी गडू घेतला, एका दमात प्याले, परत दिला. नर्सच्या डोळ्यांनी पिंकीनं हात पाहिला. थरथर नव्हती.

"बाबा, रागावले काय ब्रेकासाठी?"

"ब्रेकाचं काय हाये त्यात? चाकं नाही, त्याले ब्रेक काय कराचा."

"तुमालेबी समजते ते?"

"मी म्हातारा हावो, यडा नाही."

"मंग रोज काहून आवळता?"

पुंजाजींनी झडपेबाहेर, रुळांच्या दिशेनं पाहिलं. रुळांवर बाभळी उगवल्या होत्या.

"दुसरं काय करू अथी येऊन? नुसतं बसाले लाज वाटे."

पिंकी थांबली. आजाऱ्याला बोलतं करायचं तर आपण गप्प राहायचं, हे तिला धंद्यानं शिकवलं होतं.

"तुह्या मायले त्या दिवसी कळा सुरू झाल्या," पुंजाजी म्हणाले. "लाखपुरीले तिच्या भावानं बैलबंडीत आनलं. बजाराचा दिवस. जनानी डब्यात पाय ठेवाले जागा नाही. ते मांगं आली, अथी, या पायरीपाशी. म्हने, तुमच्या डब्यात बसू द्या. डबा रिकामा होता, पिंके. हा बाक होता. मातीचा माठ होता, भरेल. मी म्हनलं, नाही. गार्डच्या डब्यात पॅसेंजर बसत नाही."

"माय सांगते हे."

"ते पुढचं नाही सांगत, कारन तिले माहीतच नाही. मी हिरवी झेंडी दाखवली. गाडी चालली. मी एकटा या बाकावर बसलो आन् मले तिचं वरडनं आयकू येत होतं. पाच डबे पुढं. गाडीचा आवाज एवढा, तरी आयकू ये. नंतर बोरखेडले गाडी उभी केली. शफीकनं इंजिनचं गरम पानी बालटीत नेलं. बायाहीनं लुगडे धरले. तू झाली. मी खालीच उभा होतो, हातात झेंडी घेऊन. कोनी म्हने पेढे द्या. मी घड्याय पाहून राह्यलो होतो."

पिंकीनं झडपेच्या फटीतून हात आत घातला आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"डबा भंगारात निंगाला तं मी म्हनलं, आनू घरी. तिले म्हनू, बस आता. आनला. एकोनीस वर्स झाले. ते एकदाबी या पायरीवर चढली नाही. आन् मले म्हनताच आलं नाही. कोन्या तोंडानं म्हनू?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "आन् आज नाशिकचे लोकं अथी गादी टाकून झोपतीन? जिले बसू देलं नाही तिच्या आंधी? नाही बसू देत मी. कोनाले नाही बसू देत."

०

दुर्गाबाई ओसरीत वांगी चिरत बसल्या होत्या. सकाळपासून घरात एवढी पळापळ चालली होती आणि त्या डब्याकडे एकदाही गेल्या नव्हत्या. नवरा कडी लावून बसलाय म्हटल्यावर एवढंच म्हणाल्या होत्या, बसू द्या, भूक लागली का येतीन.

पिंकी समोर येऊन बसली आणि सगळं सांगितलं. दुर्गाबाईंचा विळीवरचा हात आधी मंदावला, मग थांबला. चिरलेली वांगी पाण्यात टाकायची राहिली, काळी पडायला लागली.

"त्याहीले आयकू येत होतं म्हने?"

"हो."

"पाच डबे पुढून?"

"तेच म्हने."

दुर्गाबाईंना काय वाटलं ते त्यांनाच लवकर कळेना. एक्केचाळीस वर्षं त्यांनी मनात एक माणूस धरून ठेवला होता. तो माणूस मागच्या डब्यात पाय लांब करून बसला आहे, माठातलं गार पाणी पितो आहे आणि त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. त्या माणसावर राग धरणं सोपं होतं. चुलीवर दूध ओतू जावं तसा तो अधूनमधून वर यायचा आणि पुन्हा बसायचा. आता कुणीतरी सांगत होतं, की तो माणूस नव्हताच. त्याच्या जागी एक घाबरलेला गार्ड होता, नियमाला चिकटलेला, कानात बायकोचं ओरडणं घेऊन बसलेला. मूर्ख होता. पण दगड नव्हता.

"मी चढली नाही," त्या हळूच म्हणाल्या, "कारन मले कोनी म्हनलंच नाही चढ म्हनून. डबा आनला, सारा गाव पाह्याले आला, च्या मीच केला साऱ्याइले. मले वाटलं, आता म्हनतीन, मंग म्हनतीन." पदरानं त्यांनी नाक पुसलं. "एकोनीस वर्स मी च्या करून राह्यली आन् हे ब्रेक आवळून राह्यले. दोघंबी येडे."

त्या उठल्या. गुडघे धरले होते, पण सीमानं दिलेला हात त्यांनी घेतला नाही. वावरातून त्या डब्याकडे चालायला लागल्या तसं मागून सगळं घर निघालं. कापूस वेचणाऱ्या दोन बायकाही ओटीतला कापूस सांभाळत धुऱ्याच्या बांधावर उभ्या राहिल्या. चाचानं निंबाखालून उठून, न सांगता, गोठ्यातून ब्रेकचं चाक आणि दांडा आणला.

डब्याच्या पायरीपाशी दुर्गाबाई थांबल्या. एक्केचाळीस वर्षांपूर्वी त्या याच पायरीपाशी थांबल्या होत्या.

"गोपालचे बाबा," त्यांनी हाक मारली. "मले बसाचं हाये."

आत काहीतरी हललं.  मग कडी निघाली आणि दारात पुंजाजी उभे राहिले. डोळे लाल होते. सगळ्यांनी दुसरीकडे पाहिल्यासारखं केलं.

"बस ना," ते म्हणाले. "कोन नाही म्हनते?"

"तुमी म्हनते. नियम हाये म्हने. तवा मी काई नियम मोडून नाही बसनार. कायद्यानं बसवा."

पुंजाजी गोंधळले. खाली चाचानं घसा साफ केला.

"गार्डसाहेब, नियमात असंबी होतं ना? कागद असंन तं बसता येते. साहेबाची लेखी परवानगी."

"वरच्या साहेबाची लागते. गार्डाची चालत नाही."

"वरचा साहेब कुठी हाये आता?" पिंकी म्हणाली. "लाइन बंद. टेसन बंद. सारे साहेब बदलून गेले नाही तं वारले. या लाइनीवर साऱ्यात मोठे तुमीच राह्यले, बाबा."

हे पुंजाजींना पटलं की नाही सांगता येत नाही, पण त्यांचा चेहरा विचारात पडलेल्या गार्डासारखा झाला, आणि ते घरच्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. ते आत वळले. बाकाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत झेंड्या होत्या, शिट्टी होती, पिवळी पडलेली कागदांची चळत होती आणि दोन कार्बन होते.

"कार्बन कायले?" ललितनं विचारलं.

"दोन प्रती लागते," पुंजाजी म्हणाले. "एक गार्डापाशी, एक पॅसेंजरपाशी. तू गनितं शिकवजो, मले नको शिकवू."

ते बाकावर बसून लिहायला लागले. नाव. वय, ते त्यांनी विचारलं आणि दुर्गाबाईंनी दोन वर्षं कमी सांगितलं. कुठून कुठे, यावर ते अडले. बोरखेड ते बोरखेड लिहा, असं गोपालनं सुचवलं आणि त्याच्या आवाजात कुठेही चेष्टा नव्हती. मग त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, तिच्यावर बराच वेळ पेन धरून ठेवलं, सही केली आणि कागद खाली दिला.

"वाच," दुर्गाबाईंनी कागद सीमाच्या हातात दिला. "माहा चष्मा घरी हाये."

सीमानं वाचलं. "'श्रीमती दुर्गाबाई पुंजाजी यांना गार्डच्या डब्यात बसण्याची परवानगी देण्यात येत आहे. बोरखेड ते बोरखेड. उशीर, एक्केचाळीस वर्षे.'" ती थांबली. नंतरचे शब्द तिला एकदम वाचता येईनात. "'उशिराचे कारण, गार्डची चूक.'"

शफीकचाचांनी चाक खाली ठेवलं. तीस वर्षं त्यांनी या माणसाबरोबर गाडी चालवली होती. उशिराच्या रकान्यात इंजिन आलं होतं, पाणी आलं होतं, फाटक आलं होतं, रुळावर बसलेल्या म्हशी आल्या होत्या. गार्ड कधी आला नव्हता.

दुर्गाबाईंनी कागद घेतला, घडी घातली, चोळीत खोवला. मग पायरीवर पाय ठेवला. पायरी उंच होती. पुंजाजींनी खाली वाकून हात पुढं केला आणि या वेळी त्यांनी तो घेतला.

आत जाऊन त्यांनी चौफेर पाहिलं. बाक, खिडकी, माठ ठेवायचा कोपरा, दांड्याच्या जागेचं भोक.

"इतकुशी जागा," त्या म्हणाल्या. "याच्यासाठी एवढं वाजवलं तुमी?"

०

पुढच्या दोन तासांत घरानं जे काम केलं ते तीन वर्षांत झालं नव्हतं. चाचानं ब्रेक जागेवर बसवला, यावेळी गार्डाची सही घेऊन. पलंग मागं न्हाणीघराच्या भिंतीला उभा केला आणि सीमानं ब्रेकच्या दोन्ही बाजूंनी जमिनीवर गाद्या घातल्या. तशाच जास्त शोभल्या, असं ललित दोनदा म्हणाला आणि स्टेशनकडे निघाला. गोपाल डब्याच्या मागं गेला, फोन लावला आणि कुणाला तरी म्हणाला, "नाही, सोमवारी नको येऊ. मंगळवारीबी नको. डबा कामावर लागला." परत आला तेव्हा सीमा त्याच्याकडे पाहत होती.  गोवऱ्या पेटवायला तिनं त्याच्याकडे काडेपेटी मागितली आणि ती देताना त्यानं तिचा हात क्षणभर धरून ठेवला.

"मलेबी एक कागद लिहून द्या म्हना बाबाले," तो हळूच म्हणाला. "फाटकालोक."

"तुमीच म्हना," सीमा म्हणाली. "या घरात कोनी काई म्हनत नाही, म्हनून तं एवढं झालं."

तो गेला. कागद मिळाला, दोन प्रतींत. अर्ध्याहून जास्त केस पांढरे झालेला गोपाल त्या बाकावर आईच्या शेजारी पाच मिनिटं बसला आणि भाजीला वेळ होतोय म्हणून उतरला.

पावणेपाचला ललितची गाडी वावरात शिरली. नाशिकचे देवरे, त्यांची बायको आणि दोन बहिणी उतरल्या. गोवरीच्या धुरात रोडग्यांचा वास मिसळला होता, तुरीवर ऊन तिरपं पडलं होतं. सीमानं पदर नसलेल्या खांद्यावर ओढणी नीट केली आणि पुढं झाली. "या जी," ती म्हणाली, "प्रवास बरा झाला?" पुंजाजींनी शिट्टी गळ्यात अडकवली होती. ती वाजवावी की नाही याच्या विचारात ते दाराशी उभे होते.

दुर्गाबाई मात्र खाली उतरल्याच नव्हत्या. चहासुद्धा त्यांनी वरच मागवला होता. एक हात ब्रेकच्या चाकावर ठेवून त्या बाकावर ऐसपैस बसल्या होत्या, आणि पाहुण्यांनी पायरीवर पाय ठेवताच त्यांनी चोळीतून घडीचा कागद काढून समोर धरला.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "पन आंधी कागद दाखवा. माह्यापाशी हाये."